बॅलार्ड पिअरपर्यंतची वरात

आज आई-बाबांना गोव्याच्या क्रूझवर सोडायला मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर गेलो. नवं टर्मिनल आतून चकाचक: ७२ काउंटर, वर्षाला १० लाख प्रवाशांची सोय. पण तिथवर पोचायचं कसं? सीएसएमटीहून एक टॅक्सीवाला यायला तयार नाही. "जवळचं भाडं नको!" मग दोन बॅगा आणि लाडवांची पिशवी (आईचा हट्ट) घेऊन निघाली वरात.

गंमत म्हणजे एकेकाळी इथे धक्क्यावरच रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. विलायतेची बोट लागली की साहेबलोक उतरून सरळ फ्रंटियर मेलमध्ये बसत. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी!

बाबा घाम पुसत म्हणाले, "आता गोवा येईपर्यंत मला कुणी उठवू नका."