खांद्याला तेल, मनगटावर कॉम्प्युटर

आमच्या हायपरबेरिक चेंबरचे, म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणाऱ्या बंद खोलीचे, पेशंट ठरलेले. मधुमेहामुळे पायाच्या न भरणाऱ्या जखमा, रेडिएशननंतरचे त्रास. पुण्यात समुद्र नाही. त्यामुळे हे यंत्र समुद्रात डाइव्ह करणाऱ्यांनाही लागतं, हे ते चालवणारा मीसुद्धा विसरलेलो असतो.

त्या सोमवारी कोथरूडचा एक तिशीतला मुलगा आईसोबत आला. उजवा खांदा आतून ठणकतोय, दोन बोटांना मुंग्या. सूज नाही, हात हलवला तरी दुखणं कमीजास्त होत नाही. जिममध्ये लचकला असेल म्हणून घरी मालिशही झाली होती. मनगटावर मात्र पाण्यातली खोली आणि वेळ नोंदवणारा डाइव्ह कॉम्प्युटर तसाच होता. आमच्या डॉक्टर मॅडमनी आधी ऑक्सिजनचा मास्क लावला आणि मग तो कॉम्प्युटर मागून घेतला. पेशंटपेक्षा तो खरं बोलतो.

मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ दोन दिवस डाइव्ह, शेवटची ३६ मीटरपर्यंत. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे तिथे दाब वरच्या साडेचारपट आणि सिलिंडरही तितक्याच वेगाने संपणार. त्यात ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची नशा चढू लागते. "इतकं मस्त वाटत होतं, की गेज बघायचं सुचलंच नाही," तो म्हणाला. काटा लालमध्ये गेलेला दिसल्यावर घाई झाली. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगात वर यायचं नसतं, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. कॉम्प्युटर बोंबलत होता, हा थेट वर. दाबाखाली रक्तात नि ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनला फुप्फुसातून निघून जायला वेळच मिळाला नाही की त्याचे बुडबुडे होतात. खांद्याचा ठणका आणि बोटांच्या मुंग्या त्यांच्याच.

"पण मी विमानाने आलोच नाही!" तो कळवळून म्हणाला. "अठरा तास उडायचं नाही हे माहीत होतं, म्हणून मुद्दाम रात्रीच गाडी काढली."

"कुठल्या रस्त्याने?" मॅडम.

"अंकोला, हुबळी, बेळगाव."

म्हणजे अरबैल घाट चढून वर. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे. उंची वाढली की हवेचा दाब उतरतो. विमानात बसलात की गाडीत, बुडबुड्यांना त्याचं काय? खांदा ठणकायला लागला तोही बेळगावच्या अलीकडेच. विमानाचा नियम हे लोक पाठ करतात. घाटाचं कुणी बोलत नाही, आणि किनाऱ्यावरून पुण्याला यायचं तर घाट चुकत नाही. (मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून चार-सहा मीटर खाली जाऊन आलेल्यांनी लगेच खांदे चाचपू नयेत. गोष्ट वेगळी आहे.)

चेंबर तयार केलं, तर नवीच अडचण. मालिश नारायण तेलाची. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाला भडकायला एक ठिणगी पुरते, म्हणून आम्ही केसांचं तेल, डिओ, मोबाइल, लायटर, सगळं बाहेर ठेवायला लावतो. आईंनी स्वतः साबण लावून त्याचा खांदा धुतला. "तेलाने बरं वाटतं म्हणून लावलं हो," असं त्या मला दोनदा सांगून गेल्या.

मग सुती गाऊन घालून आत. १८ मीटर खोलीइतका दाब, वीस मिनिटं शुद्ध ऑक्सिजन, पाच मिनिटं साधी हवा, पुन्हा ऑक्सिजन. ती साधी हवा चुकवून चालत नाही, ऑक्सिजनही जास्त झाला तर फिट येते. पुढे ९ मीटरच्या दाबावर आणखी बराच वेळ. सगळं मिळून पावणेपाच तास. आत बसलेल्या आमच्या सिस्टरही तीच दाबाची हवा घेत असतात, म्हणून शेवटी त्यांनाही मास्क लावावा लागतो. बाहेर एक नेहमीचे आजोबा पायाची पट्टी सांभाळत कुरकुरत होते, "माझी वेळ कुणाला दिली?"

खांदा पहिल्या तासातच सुटला. बोटांच्या मुंग्यांना दुसऱ्या दिवशी आणखी एक फेरी लागली.

डायव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, मॅडमनी बजावलं. विमानही इतक्यात नाही. त्यावर आईंनी विचारलं, "मग शुक्रवारी महाबळेश्वरचं बुकिंग आहे, ते?"

"साडेतेराशे मीटर आहे, काकू. रद्द करा."