समुद्री स्पंजांची नावे कशी ठरतात

सांगलीत कृष्णाकाठी राहून समुद्री स्पंजांचा ध्यास लागावा, याचे अनेकांना नवल वाटते. मला मात्र प्राणिशास्त्रात याहून मोहक विषय सापडलेला नाही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये स्पंजांना वनस्पतींत, शैवालांच्या पंगतीला बसवले होते. पुढे रॉबर्ट ग्रँट यांनी स्पंजाच्या छिद्रांतून वाहणारे पाण्याचे प्रवाह बारकाईने पाहिले आणि १८३६ मध्ये या प्राण्यांच्या संघाला पोरिफेरा हे नाव दिले.

स्पंजाची जाती ओळखताना आकार आणि रंग यांवर भिस्त ठेवता येत नाही, कारण एकच जाती लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटून पसरते, तर शांत पाण्यात उंच वाढते. म्हणून नखाएवढा तुकडा ब्लीचमध्ये टाकावा लागतो. मांसल भाग विरघळतो, तळाशी पांढुरका गाळ उरतो आणि तो पुन्हापुन्हा धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की काचेसारख्या सुया, नांगर आणि तारे दिसू लागतात. ओळखीचा मुख्य आधार म्हणजे सांगाड्याचे हे सूक्ष्म काटे, म्हणजेच कंटिका. त्या चुन्याच्या असतील तर वर्ग कॅल्केरिया. सिलिकेच्या व सहा टोकांच्या असतील तर हेक्झॅक्टिनेलिडा. बहुसंख्य जाती डेमोस्पाँजी वर्गात मोडतात, आणि होमोस्क्लेरोमॉर्फा हा चौथा वर्ग रेणवीय पुराव्यांमुळे अलीकडेच वेगळा मानला गेला. आंघोळीच्या स्पंजात कंटिका नसतातच. तेथे स्पाँजिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे तपासावे लागते.

शास्त्रीय नावातील कंसाकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया (पल्लास, १७६६) यातील कंस सांगतो, की प्राणिशास्त्रज्ञ पल्लासने ही जाती स्पाँजिया या वेगळ्या प्रजातीत (genus) वर्णिली होती आणि नंतर ती हॅलिकॉन्ड्रिया या प्रजातीत हलवली गेली.