मतपत्रिकेवर न विचारलेलं
"निघायचं ठरलं ना, मग साडेतीन वर्षं कशाला लागली?" ब्रेक्झिटवरच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्यावरच्या, आजच्या चर्चेतला हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

२३ जून २०१६ च्या ब्रिटनमधल्या सार्वमताच्या मतपत्रिकेवर पर्याय दोनच: युरोपीय संघात राहायचं की निघायचं. ५१.९ टक्के म्हणाले, निघायचं. पण कसं? एकल बाजारपेठ (सदस्य देशांमधला अडथळ्यांविना व्यापार) सोडून की धरून? जकात संघाचं (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच) काय? ते विचारलंच नव्हतं.

संघाच्या करारातलं बाहेर पडण्याचं कलम ५० लागू केलं की दोन वर्षांची मुदत सुरू होते, आणि मुदतवाढीला उरलेल्या सगळ्या २७ देशांचा होकार लागतो. ब्रिटनने २९ मार्च २०१७ ला ते लागू केलं, घरात एकमत नसताना. माझ्या मते खरी घाई तिथे झाली.

त्यात आयर्लंडची सीमा! उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, आणि शेजारचा आयर्लंड देश संघातच राहणारा. जकात संघ सोडला की मालाची तपासणी कुठेतरी हवीच. जमिनीवरच्या सीमेवर केली तर उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता कराराला धक्का. म्हणून ती उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यामधल्या आयरिश समुद्रावर ढकलली; म्हणजे एकाच देशातल्या मालाला कागदपत्रं. (उत्तर आयर्लंडने तर ५५.८ टक्क्यांनी 'राहायचं' म्हटलं होतं.)

दुसरं सार्वमत मागणाऱ्यांपुढेही पेच होताच. करारासह निघणं, कराराविना निघणं आणि राहणं असे तीन पर्याय छापले, आणि एकालाही निम्मी मतं मिळाली नाहीत, तर कौल कोणता मानायचा?