पट्टी निघाली, पण गोंद राहिला

गुडघ्याचे सांधेरोपण करून रुग्ण घरी आला की सगळ्यांचे लक्ष टाक्यांकडे, व्यायामाकडे आणि गोळ्यांच्या वेळांकडे लागते, आणि ते तसे लागायलाच हवे. आईची घरी आल्यावरची पहिली तक्रार मात्र गुडघ्याची नव्हती. "पाठीला गाऊन चिकटतोय, कूस बदलली की ओढ बसते," असे ती म्हणाली. पाहिले तर जिथे जिथे पट्टी लावली होती, तिथे तिथे कडांचा गोंद जसाच्या तसा राहिला होता आणि त्यावर कापडाचे तंतू, पावडर आणि धूळ बसून काळपट चौकटी उमटल्या होत्या. डिस्चार्ज कार्डावर औषधांची, फिजिओथेरपीची आणि पुढच्या तपासणीची नोंद असते. या गोंदाचे काय करायचे, हे त्यावर कुठेच नसते. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

जखम एका ठिकाणी असली तरी पट्ट्या अनेक ठिकाणी लागतात. वेदना कमी राहाव्यात म्हणून कमरेत एपिड्युरलची बारीक नळी घातलेली असेल, तर ती हलू नये यासाठी पाठीच्या कण्यालगत थेट खांद्यापर्यंत पट्टीने बसवतात. मनगटावर किंवा पंजाच्या मागे सलाइनची सुई, छातीवर ईसीजीच्या चकत्या, मांडीवर लघवीची नळी आणि गुडघ्याभोवती ताणली जाणारी जाड कापडी पट्टी, अशा प्रत्येक जागेचा गोंद वेगळा असतो. झिंक ऑक्साइडच्या जुन्या पांढऱ्या पट्टीचा गोंद रबराचा असतो. तो लगेच पकड घेतो, पण अंगाच्या उष्णतेने आणि घामाने मऊ पडतो, आणि पट्टी ओढताना गोंदाचा थर मधोमध फाटून अर्धा पट्टीबरोबर जातो, अर्धा कातडीवर राहतो. कागदी पट्टीचा आणि पारदर्शक ड्रेसिंगचा गोंद बहुधा अॅक्रिलिकचा असतो. त्याची पकड सुरुवातीला बेताची वाटते, परंतु तो हळूहळू कातडीच्या बारीक रेषांमध्ये उतरत जातो आणि जितका जास्त वेळ राहील तितका घट्ट बसतो. सिलिकोनच्या पट्ट्या यापेक्षा सौम्य असतात आणि त्यांचा गोंद सहसा मागे राहत नाही, पण त्या महाग असल्यामुळे सरसकट वापरल्या जात नाहीत. यांपैकी कोणताही गोंद पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच साबणपाण्याने कितीही घासले तरी कातडी लाल होते आणि गोंद आहे तिथेच राहतो.

घासण्याची ही घाई मुळातच अनाठायी आहे. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो, तो शरीराच्या बहुतेक भागांवर जेमतेम १५ ते २० पेशींइतका जाड असतो आणि साधारण दोन आठवड्यांत गळून नवा होतो. गोंद बसलेला असतो तो याच थरावर. त्यामुळे काहीही केले नाही तरी तो यथावकाश जातोच. आपण जे करायचे ते केवळ खाज, ओढ आणि कळकटपणा लवकर जावा यासाठी. उतारवयात कातडीचे वरचे आणि खालचे थर एकमेकांत पूर्वीइतके घट्ट गुंतलेले राहत नाहीत, त्यामुळे नखाने खरवडले किंवा खरखरीत टॉवेलाने चोळले तर गोंदाबरोबर कातडीही सोलवटते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, तर अशा जागी रक्त साकळून काळेनिळे डागही पडतात. सांधेरोपणानंतर रक्त पातळ ठेवणारे औषध बहुतेकांना दिलेले असतेच.

सुरुवात करण्यापूर्वी काय काढायचे नाही, हे नीट पाहावे. जखमेवर आडव्या लावलेल्या अरुंद कागदी पट्ट्या टाक्यांचे काम करत असतात. त्या आपोआप सुटू द्याव्यात आणि कडा उचलल्या गेल्या तर तेवढ्याच कात्रीने कापाव्यात. काही शस्त्रक्रियांत टाक्यांवर किंवा टाक्यांऐवजी सायनोअॅक्रिलेट जातीचा द्रव गोंद लावतात. अमेरिकेत अशा गोंदाला १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि आता आपल्याकडेही तो सर्रास वापरला जातो. वाळल्यावर त्याचा चकचकीत, कधी फिकट जांभळा पापुद्रा दिसतो. तो पट्टीचा उरलेला गोंद समजून त्यावर तेल किंवा व्हॅसलिन लावले, तर पापुद्रा मऊ होऊन वेळेआधी सुटतो आणि जखम उघडण्याची भीती असते. तो साधारण ५ ते १० दिवसांत स्वतःहून निघतो. टाक्यांच्या रेषेपासून दोन बोटे अंतर सोडूनच काम करायचे, असा नियम आम्ही घरात ठरवला आणि गुडघ्याजवळचा गोंद टाके निघून जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत तसाच ठेवला.

बाकीच्या जागांसाठी खोबरेल तेलाइतके सोयीचे दुसरे काही मला आढळले नाही. तेलकट पदार्थ गोंदात मुरतो, त्याला फुगवतो आणि कातडीवरची त्याची पकड सैल करतो. बेबी ऑइल, साधे व्हॅसलिन यांनीही हेच होते. आईच्या पाठीवर कापसाचा बोळा तेलात भिजवून तो गोंदाच्या पट्ट्यावर नुसता टेकवून ठेवला, पाच-दहा मिनिटे गप्पांत गेली, आणि मग बोटाच्या पेराने (नखाने नव्हे) कडेकडून मध्याकडे हलकेच गोल फिरवत गेले, तसतशा करड्या रंगाच्या बारीक वळ्या निघू लागल्या. त्या लगेच मऊ सुती कापडाने टिपून घ्याव्यात; नाहीतर तेलात मिसळून त्या शेजारच्या कातडीवर पसरतात. शेवटी कोमट पाणी आणि सौम्य साबण लावून तेल पुसून काढले. एका बैठकीत सगळा गोंद निघत नाही, आणि काढूही नये. जिथे कातडी गुलाबी दिसू लागली तिथे थांबून उरलेले दुसऱ्या दिवसावर टाकले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्या जागी पुन्हा ड्रेसिंग चिकटवायचे आहे तिथे तेलाचा अंश राहिला तर नवी पट्टी टिकत नाही, म्हणून तिथे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना विचारल्याखेरीज काही लावू नये.

पाठीच्या एका भागावर तपकिरी, वार्निशासारखा थर होता आणि तेलाने तो जेमतेम हलला. पट्टी घट्ट बसावी म्हणून काही ठिकाणी आधी टिंक्चर बेंझॉइन लावतात. बेंझॉइन म्हणजे आपण धुपाबरोबर जाळतो तो लोबान. ही राळ अल्कोहोलमध्ये चटकन विरघळते. अशा थरापुरते सर्जिकल स्पिरिट वापरायला हरकत नाही, पण कातडी अखंड असेल तरच, थोडेसे कापसावर घेऊन, आणि देवघरातली समई किंवा गॅस जवळपास नसताना. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, म्हणून नंतर साधे मॉइश्चरायझर लावावे. रॉकेल, पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांची नावे भेटायला येणाऱ्यांकडून हमखास ऐकू येतात. बरणीवरचे लेबल काढण्यासाठी ती ठीक आहेत, माणसाच्या अंगासाठी नाहीत. निलगिरीच्या तेलानेही गोंद सुटतो, मात्र जरा सोलवटलेल्या जागी लागले तर चांगलीच आग होते. पोटावर स्टोमाची (मल किंवा मूत्र बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेल्या छिद्राची) पिशवी लावणाऱ्या रुग्णांसाठी सिलिकोनचे खास फवारे आणि पुसणी मिळतात, ती झोंबत नाहीत आणि लगेच उडून जातात. ज्यांना आठवडोनआठवडे पट्ट्या लावाव्या लागतात, त्यांनी त्यांवर खर्च करावा. आमच्यासारख्या एकवेळच्या कामाला तेल पुरते.

पट्टी अजून लागलेली असेल आणि ती घरीच काढायला सांगितली असेल, तर "झटक्यात ओढा म्हणजे दुखत नाही" हा सल्ला विसरावा. पट्टीची कड दुमडून कातडीला समांतर, केसांच्या वाढीच्या दिशेने, सावकाश मागे न्यावी आणि सुटत जाणारी कातडी दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाबून धरावी. पारदर्शक ड्रेसिंगचे मात्र वेगळे आहे: ते वर उचलण्याऐवजी कडेला धरून कातडीच्या पातळीतच रबरासारखे ताणले की आपोआप सुटते.

गोंद निघाल्यावर थोडी लाली दिसतेच. २०१३ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी वैद्यकीय पट्ट्यांमुळे होणाऱ्या इजेची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात पट्टी काढल्यानंतर अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ टिकणारी लाली, फोड किंवा सोलवटणे यांचा समावेश आहे. घरच्या घरी पाहण्यासाठी ही खूण उपयोगी आहे. लाली नेमकी पट्टीच्याच आकाराची असेल, तिला खाज असेल आणि ती दिवसेंदिवस वाढत असेल, तर गोंदातल्या एखाद्या घटकाची अॅलर्जी असण्याची शक्यता असते, आणि जुन्या प्रकारच्या पट्ट्यांत वापरली जाणारी राळ हे त्याचे एक परिचित कारण आहे. जखमेभोवती उष्णता, वाढती सूज, पू किंवा ताप असेल, तर प्रश्न गोंदाचा नसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आईच्या मांडीवर कापडी पट्टीखाली दोन लहान फोड आले होते. सूज वाढत असताना ताणून लावलेली पट्टी कातडीला ओढत राहते आणि असे फोड येतात. ते न फोडता कोरड्या गॉझखाली झाकून ठेवले आणि काही दिवसांत बसले. तिच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर व्हायची आहे. त्या वेळी दाखल होतानाच्या अर्जात अॅलर्जीच्या रकान्यात औषधांच्या नावांखाली "कापडी चिकटपट्टीने फोड येतात, कागदी किंवा सिलिकोनची पट्टी वापरावी" असे लिहायचे आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ते तोंडी सांगायचे, असे आम्ही ठरवले आहे, कारण पाठीवरची सर्वांत लांब पट्टी तेच लावतात.