आंबे मोजले

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

मंगळवारी सकाळी ऑफिसला निघता निघता मी टोपलीतले आंबे मोजले. बारा. मोजायचे म्हणून नाही हं मोजले, कुठला पिकलाय ते बघत होते, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. पण पिकलेला आंबा कोणी बोट लावून एक दोन तीन करत बघतं का, वास घेऊन बघतात. संध्याकाळी आले तर नऊ.

आणि माझी चप्पल निघायच्या आत माझ्या मुलीला, चिऊला, सांभाळणाऱ्या मावशींनी स्वतःच सांगून टाकलं, "ताई, आंबे मस्त निघाले हो, एक चिऊला दिला, दोन मी खाल्ले, एकात थोडा साका होता तेवढा काढून टाकला." मी म्हटलं हो का, बरं झालं. आणि बेसिनशी हात धुताना लक्षात आलं की मला राग आलाय. दोन आंब्यांचा. नऊशे रुपये डझन म्हणजे पंच्याहत्तरला एक, म्हणजे दीडशे रुपये. साबणाचा फेस जायच्या आत हा हिशोब झाला होता डोक्यात, एरवी मला दुधाचं बिल कॅलक्युलेटरवर करावं लागतं.

लपवून खाल्ले असते तर सोपं झालं असतं खरं तर. मग मला रागवायला हक्काचं कारण मिळालं असतं. पण ही बाई समोर उभं राहून सांगतेय, हाताला आंब्याचा वास, मांडीवर माझी पोरगी, तिच्या गालावर पण आंबा. आणि ती काय चुकीचं करतेय, मीच तर म्हटलं होतं, "मावशी, घरचंच समजा."

आठ महिन्यांपूर्वी माझी सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली होती तेव्हा मावशी पहिल्यांदा आल्या, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या ओळखीने. पुण्यातल्याच दांडेकर पुलाकडून येतात. त्या दिवशी आम्ही काय काय ठरवलं, पगार, साडेआठ ते साडेसहा, महिन्याच्या दोन सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस, मोबाइलवर व्हिडिओ लावून द्यायचे नाहीत, गावाला जायचं असेल तर पंधरा दिवस आधी सांगायचं. माझा नवरा तर एक्सेल उघडून बसला होता. आणि जेवणाचा विषय निघाला तेव्हा मी हात हलवून म्हटलं, अहो जेवण काय, घरचंच समजा. मला वाटलं मी किती मोठ्या मनाची. आता कळतंय की ते वाक्य म्हणजे पुढचा त्रास नको म्हणून मारलेली पळवाट होती. घरचंच समजा, पण पेटीतला हापूस नाही. घरचंच समजा, पण ब्लूबेरी चिऊच्या. बदाम भिजवलेले असतील तेवढेच. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, पण मावशींना ते कुठून दिसणार.

आणि मी एचआरमध्ये काम करते. हे लिहिताना पण हसू येतंय. कँटीनच्या कुपनांवर मी चार पानी पॉलिसी लिहिलीय, गेस्टला चहा द्यायचा तर कोणाची सही लागते ते पण आहे त्यात.

आमच्या पोळ्यावाल्या ताई बघा. मावशी यायला लागल्या त्याच आठवड्यात त्या दारातच म्हणाल्या, "ताई, मावशींच्या पोळ्या धरून आता चार माणसं होतात, पाचशे वाढवावे लागतील." आमचं तिघांचं ठरलेलं, मी, नवरा आणि सासूबाई. पुण्यात स्वयंपाकाचा रेट माणसांवर असतो, सगळ्यांना माहितीय. मी लगेच हो म्हटलं. मावशी शेजारीच उभ्या होत्या, त्यांनाही काही वाटलं नाही, उलट म्हणाल्या मी दुपारी दोनच खाते, संध्याकाळची करू नका. दोन मिनिटांत विषय संपला. त्यांनी मोजलं ते तोंडावर मोजलं. मी टोपलीपाशी एकटी उभी राहून मोजत होते.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणून आमच्या वेळी सगळं वेगळं असायचं." वेगळं म्हणजे काय ते मी त्यांच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात स्वतः बघितलंय. मोरीच्या खिडकीत कान तुटलेला एक कप आणि एक जर्मनची ताटली, कामाच्या बाईंची. त्यात चहा वरून ओतायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही. ते फक्त स्वच्छतेचं नव्हतं, त्याला शिवाशिव म्हणतात, आणि ते आईंनाही माहितीय. पण त्याच आई हेही सांगतात की १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तेव्हा नवी नवरी असून त्यांना सगळ्या घराची भांडी घासावी लागली आणि पहिल्यांदा कळलं की बाई रोज किती वेळ उकिडवी बसते. त्या संपातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आई संपाचं अगदी कौतुकाने सांगतात, कपाचं सांगत नाहीत.

मला तो कप कायम खुपायचा म्हणून मावशी आल्या तेव्हा मी मुद्दाम आमच्याच सेटमधला मग दिला. दोन दिवस त्यांनी घेतला. तिसऱ्या दिवशी स्टीलचा ग्लास काढून म्हणाल्या, "ताई, हे धरवत नाही मला, जड आहे, ग्लासातच बरा लागतो." मी जरा हिरमुसलेच. म्हणजे माझा पुरोगामीपणा त्यांनी ओट्यावर पालथा घालून ठेवला.

शिळ्याचं पण तसंच झालं. पावसाळ्यात एकदा रात्रीची वांग्याची भाजी उरली होती, मी म्हटलं मावशी, भाजी आहे कालची, तुम्ही घ्या हं. त्या म्हणाल्या, "नको ताई, शिळं खाल्लं की पित्त होतं मला." मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं! भाजी आम्हालाही नकोच होती, नवऱ्याने डबा उघडून परत बंद केला होता. आम्हाला नको असलेलं द्यायला माझा हात किती पटकन पुढे होतो आणि आम्हाला हवं असलेलं कोणी घेतलं की लगेच बोटं मोजायला लागतात.

पण खरी गोम उष्ट्याची आहे, आणि मी आंब्यांच्या नादात तिकडे बघितलंच नव्हतं.

चिऊ चौदा महिन्यांची. अर्धी वाटी खाते, अर्धी खेळते. तो उरलेला वरणभात, चाटून ठेवलेली केळ्याची फोड, चावून परत काढलेला इडलीचा तुकडा, हे सगळं मावशी खातात. सहज, बोलता बोलता, अन्न टाकायचं नाही म्हणून. मी आई असून मला ती चावून काढलेली इडली नाही खाववत खरं सांगायचं तर. यावर घरात कोणी कधी काही बोललं नाही. आणि मागच्या महिन्यात मावशींनी स्वतःच्या डब्यातली ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून स्वतःच्या ताटातूनच एक घास चिऊला दिला, तर आई केवढ्याने ओरडल्या, "अहो उष्टं काय देताय तिला!" मावशींचा हात तिथेच थांबला. चिऊ तोंड उघडून बसलेली, चिमणीसारखी.

मी त्या दिवशी घरीच होते. मी काय केलं तर इन्फेक्शन, लाळ, डॉक्टर असं काहीतरी बोलले, आईंच्या बोलण्याला जरा मेडिकल रंग दिला. डॉक्टरांनी खरंच सांगितलंय की मोठ्यांनी तोंडातला चमचा बाळाला देऊ नये, ते बरोबरच आहे. पण मग आजी तिच्या ताटातला भात भरवते तेव्हा मी डॉक्टरांचं नाव नाही काढत. उष्टं आमच्याकडून त्यांच्याकडे गेलेलं चालतं, उलटं नाही. त्या दिवसापासून मावशींनी स्वतःचा डबा आणणं बंद केलं. मला वाटलं बरं झालं, आता सगळं इथलंच जेवतात. किती दिवस मला तसंच वाटत होतं.

तर गुरुवारी मी वर्क फ्रॉम होम घेतलं आणि चिऊ झोपल्यावर बोलायचंच ठरवलं. दोनदा पाणी प्यायला गेले. मग म्हटलं, "मावशी, त्या खालच्या पेटीतले आंबे माझ्या भावाकडे न्यायचेत नाशिकला, ते उघडू नका, आणि टोपलीतले आपले सगळ्यांचे, त्यातले तुम्ही रोज एक घ्या, पण दोन नको, महाग आहेत यंदा." बोलताना कान गरम झाले माझे. मावशी मटार सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना ताई. तुम्ही सांगत नाही, मग तोंड पाडून बसता. मंगळवारी बघितलं मी."

बघितलं होतं त्यांनी!

मग मीच विचारलं, तुमचं काही आहे का, जेवणाचं. मला वाटलं पोळ्या, लोणचं, एखादी नावडती भाजी, असं काहीतरी असेल. त्या थोडं थांबल्या. म्हणाल्या, "मला नीट बसून जेवायला मिळत नाही. ताट घेतलं की चिऊ मांडीवर. ती झोपली तर कपड्यांच्या घड्या. कधी चार वाजतात. आजींना गुडघ्यामुळे तिला उचलवत नाही. मी एक हात तिच्या पाठीवर ठेवून जेवते, पोळीचा घास मोडता येत नाही म्हणून भातच घेते." आणि मग जरा हसून, "आणि उपासाचं विचारत जा हो. आषाढीला दिवसभर चहावर होते, तुमच्याकडे साबुदाणा भिजवलेला होता, पण तो तुमच्या तिघांपुरता."

आषाढी तर मागच्या जुलैची असणार, तेव्हा त्या आमच्याकडे नव्हत्याच, असं मी मनात लगेच पकडलं! मग आठवलं, कार्तिकी. कार्तिकी म्हणायचं असेल त्यांना. साबुदाणा मीच भिजवला होता, तीन वाट्या. वाद घालायला तारीख सापडली नाही मला.

फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८, कलम ५५, नवे लेबर कोड येण्याआधीचा कायदा. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नाही, त्याआधी निदान अर्ध्या तासाची विश्रांती. हे मी ट्रेनिंगमध्ये स्लाइड लावून सुपरवायझर लोकांना शिकवलंय, उदाहरणं देऊन. घर म्हणजे फॅक्टरी नाही हे मलाही कळतं, तो कायदा इथे लागू नव्हताच. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण दुपारी दीड वाजता मावशींच्या मांडीवरचं आमचं मूल उचलून घ्यायला कुठलं मंडळ येणार. ते घरातल्याच कोणीतरी उचलायला हवं, आणि आठ महिन्यांत ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण मी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये असते, पाऊण तास, दोन्ही हात मोकळे.

नवऱ्याला रात्री सांगितलं. तो आठवड्यात तीन दिवस घरूनच काम करतो, आतल्या खोलीत, दार लावून. म्हणाला दीडला माझी टीमची स्टँडअप मीटिंग असते. मी म्हटलं मग मूल घेऊन उभा राहा. शेवटी सोम मंगळ बुध तो, गुरुवारी मी, शुक्रवारी आईंनी चिऊला पाळण्यात घालून शेजारी बसायचं, उचलायचं नाही. शनिवारी सगळे घरीच. फ्रिजला कागद लावलाय. आईंनी वाचला आणि म्हणाल्या, "एवढा टाइमटेबल?" पण काल शुक्रवारी बसल्या पाळण्याशी, जप करत. भाकरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही अजून काढलं नाहीये. ते बाकी आहे.

आज दुपारी चिऊ माझ्याकडे होती, बाल्कनीत कावळे बघत होतो. आत मावशी जेवत होत्या, खाली मांडी घालून, टेबलावर बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. दोन पोळ्या, मटार, ताक. पोळीचे छोटे छोटे तुकडे मोडून. पंचवीस मिनिटं लागली त्यांना, मला इतकं सावकाश जेवणारी बाई आहे ही, हे माहीतच नव्हतं. मग आंबा घेतला, चाकू नाही, देठ काढून चोळून चोळून मऊ केला आणि चोखून खाल्ला, बाठा पांढरा होईपर्यंत. मग हात धुऊन आल्या आणि द्या इकडे म्हणून चिऊला घेतलं.

आत्ता पाणी प्यायला आले तर टोपलीत चार उरलेत. मोजले नाहीत, दिसले.