केबिन घ्यायची की तंबू? घाटात मुक्काम ठरवताना आधी ओल बघा

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून 55 किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तोच आकडा 5000 च्या पुढे जातो. आंबा घाट, दाजीपूर, गगनबावडा या पट्ट्यात मुक्काम करायचा तर हा फरक डोक्यात ठेवूनच जागा निवडावी. जाहिरातीत फोटो दरीचा असतो. पण रात्र सुखाची जाते की नाही, ते ठरतं भिंतीला ओल किती आणि वारा कुठून लागतो यावर.

पन्हाळ्याची गोष्ट वेगळी. ते कोल्हापूरपासून 20 किलोमीटरवर, पाऊसही घाटमाथ्यापेक्षा कमी. तिथे अडचण येते ती शनिवार-रविवारच्या गर्दीची आणि पार्किंगची. बुधवारी गेलात तर निम्म्या तक्रारी उरतच नाहीत. पुढचं सगळं खऱ्या घाटमाथ्याबद्दल.

केबिन म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला सिमेंट बोर्ड किंवा प्लायवूड, आतून पाइनच्या पट्ट्या आणि वर पत्रा. दिसायला झकास. पण घाटात पाऊस सरळ वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि बोर्डांच्या सांध्यांतून आत शिरतो. जुन्या घरांच्या पावसाकडच्या भिंतींना लोक पावसाळ्याआधी गवताच्या ताट्या लावतात, ते उगाच नाही. तेव्हा केबिनचं छप्पर भिंतीच्या बाहेर किती आलंय ते फोटोतच बघा. दोन-अडीच फूट असेल तर मालकाला पाऊस कळतो. भिंतीला लागूनच पत्रा संपवला असेल तर जुलैत तिथे राहू नका. पत्र्याखाली थर्माकोल किंवा लाकडी सीलिंग आहे का, हेही विचारा. नुसत्या पत्र्यावर घाटातला पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

चार महिने बंद ठेवलेल्या खोल्या ऑक्टोबरात उघडतात तेव्हा बुरशीचा वास हमखास असतो. खोली ताब्यात घेताना गादी उचलून खालची बाजू बघा, कपाटाची पाठ आणि बाथरूमलगतच्या भिंतीचा खालचा कोपरा हाताने चाचपा. काळे ठिपके दिसले तर खोली बदलून मागा. उदबत्ती आणि रूम फ्रेशनर लावून मालक तेवढा वेळ मारून नेतात, पण दम्याच्या माणसाला रात्री दोन वाजता त्याचा काही उपयोग नसतो.

वीज जाणार, हे धरूनच चला. ‘इन्व्हर्टर आहे’ या उत्तरावर थांबू नका, त्यावर काय काय चालतं ते विचारा. बहुधा दिवे आणि पंखा, गिझर नाही. सोलर हीटर धुक्याच्या दिवसांत निकामीच. ज्या घरी तांब्याचा किंवा पत्र्याचा बंब आहे तिथे गरम पाण्याची चिंता मिटली. बादलीभर कढत पाणी दारात आणून देतात.

आता सगळ्यात जिवावरची गोष्ट. घाटातल्या बऱ्याच मुक्कामांत गॅस गिझर थेट बाथरूमच्या आत बसवलेला असतो. थंडी म्हणून खिडकी बंद, दार बंद, नळ सुरू. गिझर खोलीतलाच ऑक्सिजन खातो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं ही लक्षणं जाणवेपर्यंत माणसाला स्वतः दार उघडायची ताकद उरेलच असं नाही. गिझर बाहेरच्या भिंतीवर असेल तरच वापरा. आत असेल तर आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या आणि मग अंघोळ करा. हेच कोळशाच्या शेगडीला लागू. बंद केबिनमध्ये किंवा तंबूत शेगडी, निखारे, गॅसची शेगडी यांपैकी काहीही ऊब यावी म्हणून ठेवायचं नाही. ‘थोडा वेळच’ म्हणून ठेवलेली शेगडी झोप लागल्यावर कोण उचलणार?

तंबूचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळी कॅम्पिंगच्या जाहिराती येतात, पण चार-पाचशे रुपये माणशी घेऊन जो एकपदरी तंबू देतात तो घाटातल्या पावसाचा नाहीच. बाहेरचं कव्हर वेगळं हवं, ते जमिनीपासून चार बोटांवर संपायला हवं आणि कापडावर निदान 2000 मिलिमीटरची जलरोधकता (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं, त्याचं माप) हवी. थंडीतही दुहेरी तंबूच घ्या. रात्रभरात एक माणूस श्वास आणि घामातून पाव ते अर्धा लिटर पाणी बाहेर टाकतो. तीन माणसं, सगळ्या चेन बंद, बाहेर दव. पहाटे आतून पाणी टपकतं आणि लोक म्हणतात तंबू गळला. वरची खिडकी आणि दाराची वरची चेन वीतभर उघडी ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

सड्यावर, म्हणजे घाटमाथ्यावरच्या उघड्या सपाट खडकावर, तंबू लावताना पहिली फजिती खुंट्यांची. जांभ्यात, म्हणजे तिथल्या तांबड्या खडकात, खुंटी जात नाही, ठोकली तर वाकते. त्यासाठी चार-पाच मिलिमीटर जाडीची दोरी माणशी दहा मीटर जादा घ्या. तंबूच्या कडीतून ओवलेल्या दोरीचं दुसरं टोक वीतभर लांब काठीला मधोमध बांधा, काठी आडवी ठेवा, तिच्यापुढे, म्हणजे तंबूच्या बाजूला, आठ-दहा किलोचा दगड ठेवा. दोरी दगडाखालून जाते, ओढ बसली की काठी दगडाला अडते. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर जांभ्याच्या धारेवर घासून तुटते. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या उलट. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये. बाहेर राहिलेल्या कडेवर दव किंवा पाणी साचून ते सरळ गादीखाली येतं. ही चूक जवळजवळ प्रत्येक कॅम्पवर दिसते.

जागा धरणाच्या पाण्याला चिकटून नको. फोटो छान येतो, पण थंड हवा उतरून तिथेच साचते, सर्वांत दाट धुकं तिथेच, आणि संध्याकाळी गवे पाण्यावर येण्याची वाटही तीच. उतारावर थोडं वर, झाडांच्या आडोशाला, पण वाळक्या फांदीखाली नव्हे. पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो, तेव्हा स्लीपिंग बॅगवर आरामाचं तापमान 10 लिहिलेलं पुरतं. लेबलवरचा सर्वांत खालचा आकडा ‘जीव वाचेल’ एवढंच सांगतो, झोप लागेल असं नाही. वरून रजई कितीही घ्या, खाली मॅट नसेल तर थंडी जमिनीतूनच चढते.

राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे परवान्याशिवाय आत शिरणं हाच गुन्हा. वनखात्याची निवासव्यवस्था किंवा हद्दीबाहेरची खासगी जागा, एवढेच पर्याय. पावसाळ्यात अभयारण्यातल्या दाजीपूरचं पर्यटन बंद असतं. कॅम्पवाला ‘जंगलात आतपर्यंत नेतो’ म्हणाला तर परवाना दाखवायला सांगा. शेकोटी खुल्या सड्यावर नकोच. फेब्रुवारीनंतर गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी वणव्याला पुरते. गवा दिसला तर बॅटरीचा झोत मारू नका, हॉर्न वाजवू नका, त्याला वाट द्या. एकटा नर जास्त बेभरवशाचा.

पावसाळ्यात जळवा, उन्हाळ्यात गोचीड. जळूला ओढू नका, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटते. गोचीड मात्र चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. पँट मोज्यात खोवलेली असली की दोन्हींचा त्रास निम्मा. सड्यावर दगड उचलताना आधी काठीने हलवा. फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, तिथेच बसतं.

पावसाळी बुकिंग केलं असेल तर हवामानाच्या ॲपपेक्षा कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. तिथे पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. पाणी 39 कडे सरकायला लागलं की गगनबावडा आणि रत्नागिरी रस्त्यांवर कुठेतरी पाणी येण्याची वेळ जवळ आली असं समजा, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली तर त्याखालच्या भोगावती नदीकाठचा रस्ताही धरून चालू नका. जाता येईल, परत येता येईलच असं नाही. गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ आणि भुईबावडा घाटांत दरडी येतात, तेव्हा कोकणात उतरून दुसरीकडून वर येऊ हा बेत त्या दिवसांत आखू नये. मालकाला फोनवर एकच प्रश्न विचारा: रस्ता बंद झाला तर पैसे परत की तारीख बदलून? उत्तर मेसेजवर लिहून घ्या.

रेंज दाजीपूरकडे जेमतेम. रोख पैसे ठेवा, पेट्रोल शहरातच भरा. जेवण सकाळीच सांगून ठेवा. कोंबडीचा रस्सा आणि नाचणीची भाकरी ऐनवेळी होत नाही, कारण कोंबडी गावातून आणावी लागते. आणि घाटात जेवताना तांबडा-पांढरा मागण्यापेक्षा त्यांच्या घरात त्या दिवशी जे शिजतंय ते मागा, चांगलं मिळतं.

तंबू स्वतःचा असेल तर सकाळी दवाने ओला झालेला तसाच गुंडाळून आणावा लागतो. हरकत नाही, पण त्याच दिवशी घरी सावलीत दोरीवर पसरा, शिवणी आणि चेनच्या पट्ट्या पूर्ण वाळेपर्यंत. ओला तंबू आठवडाभर पिशवीत राहिला तर कापडाचा आतला लेप चिकट होऊन सुटतो, वास काही केल्या जात नाही, आणि दुकानातून आणलेला स्प्रे मारून तो लेप परत येत नाही.