दारू थांबल्यानंतरची तिसरी रात्र

व्यसनमुक्ती आणि मानसोपचार कक्षात रात्रपाळीला आल्यावर प्रत्येक नव्या रुग्णाच्या केसपेपरवर मी सर्वांत आधी एक नोंद शोधते : शेवटची दारू केव्हा घेतली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी थांबली, की सहा ते बारा तासांत त्याचे हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो, आणि साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही रुग्णांचे भान सुटते. या शेवटच्या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डातल्या बोलण्यात ‘डीटी’. नाडी धावते, ताप चढतो, नसलेले दिसू लागते. आणि उपचार मिळाले नाहीत, तर ते जिवावर बेतू शकते.

सोलापुरातल्या आमच्या कक्षात एका मे महिन्यात दाखल झालेले एक गृहस्थ याच टप्प्यात होते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत ते यंत्रमागावर चादरी विणत, पत्नी घरी विड्या वळत असे, आणि शहराच्या पूर्व भागातल्या असंख्य घरांप्रमाणे त्यांचेही घरातले बोलणे तेलुगू आणि बाहेरचे मराठी होते. मुलीचे लग्न ठरले होते. मांडव पडण्याआधी दारू सुटलीच पाहिजे, असे ठरवून नातेवाइकांनी त्यांना खोलीत कोंडले आणि बाहेरून कडी लावली. दुसऱ्या रात्री फिट आली, तेव्हा सगळे हादरले आणि सकाळी त्यांना रिक्षातून घेऊन आले. पत्नीने मला विचारले, “इतकी वर्षं प्यायले तेव्हा काही झालं नाही सिस्टर, आणि सोडल्यावर असं कसं झालं?” तिला असा प्रश्न पडणे अगदी साहजिक होते. दारू मेंदूला रोज मंदावते, मेंदू त्या मंदपणावर मात करण्यासाठी स्वतःला अधिकाधिक उत्तेजित ठेवायला शिकतो, आणि दारू अचानक गेली की ती उत्तेजना आवरायला काहीच उरत नाही, हे तिला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

थायमिनचे इंजेक्शन दिवसा दिले गेले होते. नातेवाईक बहुधा ‘अशक्तपणा आलाय, ग्लुकोज चढवा’ असा आग्रह धरतात. परंतु दारूने शरीरातले थायमिन, म्हणजेच ब१ जीवनसत्त्व, संपत आलेले असताना नुसते ग्लुकोज दिले, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो, म्हणून थायमिन आधी. मी दहा मुद्द्यांच्या आणि कमाल ६७ गुणांच्या तक्त्यावर थरथर, घाम, अस्वस्थता, भास यांची ठरल्या वेळी नोंद करत होते. मे महिन्यात सोलापुरात रात्री अकरा वाजताही भिंती तापलेल्या असतात आणि घाम सगळ्यांनाच फुटलेला असतो, त्यामुळे घामाचे गुण देण्याआधी मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या कपाळाकडे पाहून घेते.

एकच्या सुमारास ते उठून बसले. डाव्या हाताने त्यांनी काहीतरी थांबवले, उजव्या हाताने धोट्यातली रिकामी कांडी काढून भरलेली बसवावी तशी हालचाल केली, मग खाटेवरच्या चादरीच्या काठाशी वाकून, डोळे बारीक करून, चिमटीत न दिसणारा धागा धरला आणि गाठ मारली. पुन्हा तेच, त्याच क्रमाने, त्याच वेगाने. “हे माग चालवायलेत सिस्टर,” पत्नी म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून रडू लागली. भ्रमात रोजच्या कामाच्या हालचाली करत राहणे हे या अवस्थेचे ओळखीचे लक्षण आहे. मी नाडी मोजली, ती १३० च्या पुढे होती. ताप चढला होता आणि रक्तदाबही वाढला होता. डॉक्टरांना फोन करेपर्यंत त्यांना धाग्यांवरून मुंग्या चढताना दिसू लागल्या, आणि त्या झटकता झटकता ते सलाइनची सुई उपसू पाहू लागले.

आमचे मामा, म्हणजे वॉर्डबॉय, हात बांधायला पट्ट्या घेऊन आले. त्यांच्या मनात वावगे काही नव्हते. कक्षात आम्ही दोघेच होतो, आणि रुग्ण पडला तर उत्तर आम्हालाच द्यावे लागते. तरीही मी त्यांना थांबवले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ नुसार, तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल आणि मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी असेल तरच रुग्णाला बांधता येते. शिक्षा म्हणून बांधता येत नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. ही शेवटची अट रात्रपाळीतल्या माणसांसाठीच घातली असावी, असे मला मनापासून वाटते. बांधण्यावाचून गत्यंतर नसते असे प्रसंग मी पाहिले आहेत; हा तसा नव्हता. आदल्या दिवसापर्यंत खोलीत कोंडलेल्या या माणसाचे हात आता खाटेला बांधले असते, तर त्यांची भीती दुपटीने वाढली असती आणि झटापटीत ताप व नाडी आणखी चढली असती.

डॉक्टरांनी येऊन तपासले, साखर बघितली, रक्त तपासणीला पाठवले आणि शिरेतून लोराझेपाम हे मेंदूची उत्तेजना शांत करणारे औषध दिले. यकृत बिघडल्याची शंका असताना हेच औषध बरे पडते. यापुढे गुणांचा तक्ता उपयोगाचा नव्हता, कारण त्यातले बरेच मुद्दे रुग्णाच्या उत्तरांवर अवलंबून असतात. आता श्वास, ऑक्सिजन, नाडी, आणि हाक मारल्यावर डोळे उघडतात की नाही, एवढ्यावरच नजर ठेवायची होती.

मी खाटेजवळचा दिवा लावला, कारण अंधूक उजेडातल्या सावल्यांमुळे भास वाढतात, आणि एका वेळी एकानेच बोलायचे असे ठरवले. ‘मालकांनी माग बंद केलाय, झोपा आता’ असे सांगून त्यांना निजवणे कदाचित सोपे गेले असते. मी तसे करत नाही. हरवलेले भान परत येताना कानावर पडणारा आवाज खरे सांगणारा असावा, असे माझे मत आहे. “काका, तुम्ही दवाखान्यात आहात. मी सिस्टर आहे. तुम्हाला मुंग्या दिसतायत, पण इथं मुंग्या नाहीत. घाबरू नका.” मराठीला प्रतिसाद येईना, तेव्हा हीच वाक्ये याच क्रमाने त्यांच्या पत्नीला तेलुगूत म्हणायला सांगितली. ती म्हणत राहिली. त्यांनी तिची बोटे धरली, काही वेळ त्यांतही धागा शोधला, आणि हळूहळू हाताचा वेग उतरला. तीनच्या सुमारास औषधाचा आणखी एक डोस द्यावा लागला, त्यानंतर ते झोपले.

समोरच्या खाटेवर, मुद्दाम माझ्या नजरेच्या टप्प्यात ठेवलेला, जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण होता. पोलीस केस होईल का, या धास्तीने त्याच्या भावाला झोप नव्हती. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते, विरुद्ध सिद्ध झाल्याखेरीज त्याला शिक्षा होत नाही, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते, हे मी भावाला समजावले आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. तो दिवसरात्र चालू असतो.

सकाळी सहाला काकांनी मराठीत पाणी मागितले. वार त्यांनी चुकीचा सांगितला, पण गाव सोलापूर हे बरोबर सांगितले. नाडी शंभराच्या खाली आली होती. पाळी सोपवताना मी पत्नीला सांगितले, की धोका अजून एक-दोन दिवस राहील, औषध हळूहळू कमी होईल, थायमिन चालू राहील, आणि पुन्हा पिऊ नये यासाठीचे खरे उपचार त्यापुढे सुरू होतील. तिने सगळे ऐकून घेतले, आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, “सिस्टर, आमच्या गल्लीत अजून एकाला कालच कोंडलंय. आमचं बघूनच.”

मी तिला तिथूनच फोन लावायला सांगितला. हात थरथरत असोत वा नसोत, दार उघडा, त्याच्याजवळ कोणीतरी थांबा आणि दुपारची वाट न पाहता त्याला घेऊन या, असे मी त्या घरातल्या माणसांशी स्वतः बोलले. दहाच्या आत ते त्याला घेऊन आले.